बराकी, सनदा आणि स्लॅब : उल्हासनगरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की बराकींचं कौतुक करून उल्हासनगरवरच्या माझ्या लेखात अनधिकृत बांधकामांवर पांघरूण घातलंय; शिवाय 1949 च्या आधी तिथे काही नव्हतंच, मग इतिहास कसला?

दुसरा मुद्दा आधी घेतो. वालधुनी नदीकाठचं शेजारचं अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. शहाड, आशेळे, माणेरे ही गावंही छावणीच्या आधीची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मिळाली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं. आखणी मात्र लष्कराचीच राहिली : शहाडकडून अंबरनाथकडे कॅम्प 1 ते 5. पिनकोडसुद्धा 421001 ते 421005, शेवटचा आकडा म्हणजे कॅम्प. ‘कॅम्प’ म्हणणं तुम्हाला मागास वाटतं, पण रिक्षावाल्याला दुसरं काही सांगून बघाच.

अनधिकृत बांधकामाची सुरुवात याच आखणीत आहे. बराक म्हणजे लांबट, बैठी शेड. आडव्या भिंती घालून एकेका कुटुंबाला तिच्यातला तुकडा मिळाला. जमीन सरकारची. विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1954 चा, पण कुटुंबं वाढली त्या वेगाने कागद हलले नाहीत. सनद, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी कागद, नाही म्हणून नकाशा मंजूर नाही, कर्जही नाही. मग पुढे ओटा, ओट्याचं दुकान, दुकानावर मजला. दोन्ही बाजूंना सामाईक भिंत असलेल्या त्या पट्टीत नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडली तर घरच उरत नाही. पुढे पाच-सहा मजले चढवणाऱ्या बिल्डरांना मात्र ही सबब लागू नाही, इथे मी तुमच्याच बाजूला आहे.

उच्च न्यायालयाने 855 इमारती पाडायला सांगितल्यावर 2006 मध्ये त्या नियमित करण्याचा खास कायदा आला. दंड भरला की इमारत कायद्यात बसते, पण सळई गंजायची थांबत नाही. मे 2021 मध्ये कॅम्प 1 आणि 2 मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने स्लॅब कोसळून माणसं गेली. इमारती उभ्याच होत्या. वरचा स्लॅब पडला आणि त्याच्या धक्क्याने खालचे एकेक गेले. बाथरूमची गळती स्लॅबमध्ये मुरते, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट सुटतं. लादीवर लादी बसवली की वजन आणखी वाढतं.

छताला तपकिरी डाग, सळईच्या रेषेत भेग किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर नुसतं प्लास्टर मारणं धोक्याचं, कारण खाली गंज चालूच राहतो. आधी टेकू द्यायचे, तेही एका मजल्यावर नाही, थेट जमिनीपर्यंत सगळ्या मजल्यांवर. मग सळईच्या मागेपर्यंत सैल काँक्रीट काढायचं, गंज घासायचा, झिजलेल्या सळईला नवी जोड द्यायची आणि गळती बंद केल्यावरच भरायचं. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महापालिका कायद्यानुसार सक्तीचं आहे, मग ती अधिकृत असो वा नसो.