डोकं आत, बाकी बाहेर

मे महिन्याच्या अखेरीस मालवणात गेलेल्या माणसाने फणस खावेत, पावसाची वाट बघावी, आणि कुणी "वायच हात लाव मरे" म्हटलं की पोट धरून आत जाऊन झोपावं. फणस मी खाल्ले, वाटही बघितली.

माझ्या चुलतभावाची, दादाची, देवबागच्या किनाऱ्यावर जेटस्की आहे, म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटर. खरं तर 'जेटस्की' हे कावासाकीने १९७३ साली बाजारात आणलेल्या यंत्राचं नाव, आणि दादाची गाडी भलत्याच कंपनीची. पण किनाऱ्यावर 'जेटस्की' म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक वळत नाही. पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद, त्यामुळे हंगाम उरकून ती ट्रॉलीवरून घरी आली आणि खळ्यात माडाखाली उभी राहिली. झाकून ठेवायच्या आधी इंजिनाचं तेल बदलायचं होतं.

स्कूटरचं तेल खालचा नट काढला की आपोआप गळतं. जेटस्कीला खाली जागाच नाही. त्यामुळे तेल मोजायची पट्टी जिथे असते, त्या नळीतून पंपाने ते वर ओढून काढतात. सलाईन उलटं लावल्यासारखं दिसतं. दादाने साडेतीनेक लिटर ओढलं, मला म्हणाला, "फिल्टर तू काढ, खाली पिशवी धर," आणि बाजारात गेला.

मी घरात गेलो आणि दिसली ती पिशवी आणली. पिशवी दुधाची होती. दुधाच्या पिशवीचा एक कोपरा कापलेला असतो, ही गोष्ट मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी, फिल्टरमधलं काळं तेल त्या कोपऱ्यातून बारीक धार धरून जेटस्कीच्या पोटात उतरताना आठवली.

हे पोट म्हणजे काय, ते एकदा बघायला हवं. सीट काढली की खाली एक भोक. त्या भोकात इंजिन असं बसवलंय, की आधी इंजिन ठेवून मग भोवती गाडी ओतली असावी. इंजिन आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट. माझ्या हाताला बोटं पाच. आणि तळात हंगामभराचं साचलेलं: खारं पाणी, वाळू, जुनं तेल. शिवाय इंजिनापासून मागच्या पंपापर्यंत जो दांडा फिरतो, त्याच्या सांध्यात भरलेलं ग्रीस. जास्त झालेलं ग्रीस दांडा फिरताना गोल भिरकावतो, त्यामुळे आतल्या भिंतीवर काळी मेखला उमटली होती. हे सगळं मिळून, खाजं केल्यावर कढईला गूळ बसतो तसं बसलं होतं.

राहू दिलं तर? दादाने ते मला आधी सांगितलेलं होतं. गाडी वेगात असताना मागच्या धारेच्या ओढीने आतलं पाणी आपोआप बाहेर खेचलं जातं, म्हणजे आतलं तेलही थेट समुद्रात. शिवाय आतच तेल सांडलेलं असेल, तर उद्या नवीन गळती लागली ती कळणार कशी?

तेव्हा दादा परतायच्या आत पुरावा नष्ट करायचा मी निश्चय केला. गुन्हेगाराने घाईत निर्णय घेऊ नयेत. शेजारी सुताराकडे भुसा होता. भुसा तेल शोषतो हे मला माहीत होतं. तो मग फुगतो, आणि फुगलेला भुसा पाणी खेचायच्या नळीच्या जाळीत आणि मागच्या दोन निचऱ्याच्या भोकांत जाऊन बसतो, हे नवीन होतं. भुसा सुटावा म्हणून मी काकीचा भांड्यांचा साबण ओतला. आधी जरासा, मग सगळा. वर एक बालदी पाणी.

फेस सीटपर्यंत आला.

मी पालथा पडून, डोकं आत आणि बाकी सगळा बाहेर, अशा अवस्थेत फेस उपसत असताना गडग्यापलीकडून शेजारच्या तात्यांचा आवाज आला.

"मुंबयकर, काय हरावला काय?"

"तेल काढतंय, तात्या." आतून माझा आवाज रांजणातून आल्यासारखा.

"तेल? अरे, होडयेक तेल लावतत, काढनत नाय!"

तात्यांचं चुकलं नव्हतं. आमचे आजोबा दरवर्षी लाकडी होडीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे, कीड लागू नये म्हणून. तीन पिढ्यांत आम्ही तेल पाजण्यापासून तेल उपसण्यापर्यंत प्रगती केली. एवढं बोलून तात्या जवळ आले, आत डोकावले, आणि माझ्या नाकाला आधी कळलं: त्यांच्या ओठात पेटती बिडी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणून तर आधी सीट काढून वारा लागू द्यायचा असतो. मी एवढ्या वेगाने डोकं बाहेर काढलं की भोकाच्या कडेवर आपटलं. "तात्यानू, बिडी! बिडी विझवा!" तात्यांनी शांतपणे बिडी तिथेच विझवली, माझ्या फेसाच्या बालदीत.

दादा आला तो यावर. त्याने भुसा बघितला, फेस बघितला, दुधाची पिशवी बघितली.

"आवशीक खाव," तो म्हणाला, पण हळू. "कोरडां आधी, ओलां मगे. इतक्याच होता."

म्हणजे आधी जुन्या कपड्यांनी आणि वर्तमानपत्रांनी तेल टिपायचं, जेवढं निघेल तेवढं. मग ग्रीस काढायचं रसायन मारून ब्रश. पाणी अगदी शेवटी, थोडं. साबणाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होतात इतकंच. त्यामुळे माझा फेस नाल्यात ओतायचीही सोय नव्हती. तो सगळा बालद्यांत भरून, भुशासकट, तेल घेणाऱ्या गॅरेजवाल्याकडे न्यावा लागला. भुसा बघून तो एक शब्द बोलला नाही, याचंच मला जास्त लागलं.

मग दोन तास आम्ही ट्रॉलीची नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू उचलून धरली, काकीच्या जुन्या लुगड्याचे तुकडे काठीला गुंडाळून त्या चार बोटांच्या फटीत घातले आणि काढले. मधेच माझ्या हातून दहा नंबरचा पाना आत पडला. दादाने जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून सोडलं. पाने दोन निघाले. दुसरा गेल्या वर्षीचा, ज्याच्यावरून दादाने एका पोराला कामावरून काढलं होतं. दादा बराच वेळ त्या पान्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी तळ पांढरा दिसला. माझे हात मात्र कोपरापर्यंत काळे, साबणाला दाद देईनात. काकीने खोबरेल तेलाची वाटी पुढे केली. "फणसाच्या चिकाक काय लावतंस? ह्यां तसांच." चोळलं, काळं सुटलं, मग साबणाने सगळं गेलं. दिवसभर मी तेल काढायला साबण वापरत होतो, आणि तेल काढायला तेल लागतं हे घरात फणस फोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ओटीवर येऊन बसलो, तर खळ्यातून फुस्स फुस्स आवाज. बघितलं तर दादा सीट काढून, हातात एक डबा घेऊन, लखलखीत इंजिनावर काहीतरी फवारत होता.

"काय रे ते?"

"तेल," दादा म्हणाला. "खारी हवा. पावसात गंज धरता." मग त्याने खिशातून ग्रीसगन काढली आणि सांध्यात दोन पंप मारले.

गडग्यापलीकडे तात्या नवी बिडी पेटवत होते. काही बोलले नाहीत, नुसती मान डोलावली.