रँडच्या झडत्यांनी पुण्याचा प्लेग गेला नव्हता

साथीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘१८९७ मध्ये प्लेग कमिटीचा प्रमुख, इंग्रज अधिकारी रँडने घरोघर झडत्या घेऊन कडक धोरण राबवलं म्हणून पुण्यातला प्लेग आटोक्यात आला. अडाणी लोकांना उपचार नको होते, म्हणून त्यांनी विरोध केला.’ हे वाचून संताप येतो, कारण त्यात मेलेल्यांवरच ठपका ठेवला आहे.

प्लेग आटोक्यात आला? मे महिन्यात तो ओसरला, एवढंच खरं. दख्खनच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात प्लेग पसरवणाऱ्या पिसवा फार तग धरत नाहीत आणि साथ आपसूक मंदावते. पावसाळ्यानंतर प्लेग पुण्यात परतला. १८९९ ची साथ तर पहिलीपेक्षाही भयंकर होती. झडत्यांनी रोग संपला असता, तर हे घडलं नसतं.

‘त्या काळचं शास्त्रच तसं होतं’ असंही म्हटलं जातं. येरसँ या शास्त्रज्ञाने हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो पसरवणारी उंदरावरची पिसू सिमाँने दाखवली ती १८९८ मध्ये, कराचीत. म्हणजे रँडच्या प्लेग कमिटीला पिसू माहीत नव्हती. त्याचा दोष मी तिला देत नाही. पण घराघरांत गोरे सोल्जर घुसवणं कोणत्या शास्त्रात बसत होतं? चुलीपर्यंत, देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान जाळलं गेलं. उंदीर मात्र शेजारच्या वाड्यात जायला मोकळेच होते.

आणि लोकांना उपचार नको होते? सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांचा दवाखाना हडपसरजवळ चालू होता. सोल्जरांच्या झडत्या त्यानंतर, मार्चच्या मध्याला सुरू झाल्या. टिळकांनी हिंदू रुग्णांसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढलं. रोग्याला वेगळं ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. उंदीर पडायला लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे तर गावोगावच्या लोकांनी अनुभवातून ओळखलं होतं, आणि पुढे शास्त्रानेही त्याला दुजोरा दिला. सरकारी इस्पितळाची धास्ती होती हे नाकारत नाही. तिथे गेलेले बहुतेक जण परत येत नव्हते, मग धास्ती कशी नसेल?

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या खुनाचं समर्थन करायचं की नाही, हा वेगळा वाद आहे. पण फिरणाऱ्या मजकुरात पुढचं येतच नाही: पुढच्या दोन-तीन वर्षांत खुद्द सरकारनेच सक्ती सैल केली, आणि मुंबईत हाफकिनने तयार केलेली लस लोकांना समजावून देण्यावर भर आला.

ज्या कायद्याच्या जोरावर ही सक्ती झाली, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा मात्र राहिला. त्याखाली सद्‌हेतूने काम करणाऱ्यांवर दावा लावता येत नाही, असं त्याच्या चौथ्या कलमात आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी वापरला तो हाच कायदा.