निशिजिनचं कापड भिंतीवर गेलं म्हणून परंपरा विकली का?

नमस्कार. जपानमधल्या क्योतोच्या होसोओ घराण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही कडक हरकत घेतलीत. १६८८पासून विणकामात असलेल्या घराने ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा, विणायचं सोडून परदेशी फॅशन-दुकानांच्या भिंतींसाठी कापड विणावं ही परंपरेची विक्री आहे, उद्या पैठणीचे पडदे शिवाल, असं तुमचं म्हणणं. त्यामागची कळकळ मला कळते, पण मला ते पटत नाही.

पैठणीचा पडदा केला तर साडी जाते. इथे ओबी कुणी कापला नाही. ओबी तिथे आजही विणले जातात, हे कापड वेगळं विणलं. आर्किटेक्ट पीटर मारिनो यांनी डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या दुकानांसाठी मागणी केली तेव्हा ओबीच्या मागावरचं जेमतेम ३२ सेंटीमीटर रुंदीचं कापड कामाचं नव्हतं. म्हणून १५० सेंटीमीटरचा माग नव्याने उभारला. निशिजिनमध्ये, म्हणजे क्योतोच्या विणकर वस्तीत, जपानी हातकागदाला सोन्याचांदीचा वर्ख लावतात, तो कागद दोऱ्याइतका बारीक कापतात आणि एकेक पट्टी बाण्यात ओढतात. याला हिकिहाकु म्हणतात. पट्टी जरा पिळली की वर्खाची बाजू पालथी पडते आणि तिथली चमक गेली. हे सगळं पाचपट रुंदीवर साधायचं होतं. विणकराचा हात इथे कसाला लागला, बाद झाला नाही.

परकी नक्षी तुम्हाला खटकली. मारिनोंना फुलं-पक्षी नको होते, वितळलेल्या धातूसारखा पोत हवा होता, हे खरंच आहे. पण निशिजिनचा स्वतःचा इतिहास बघा. राजधानी क्योतोहून तोक्योला गेली, दरबारी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा १८७२मध्ये क्योतोहून तिघांना फ्रान्समध्ये लियोंला धाडलं. त्यांच्यामुळे जॅकार्ड माग, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारा माग, क्योतोत आला. तिघांपैकी योशिदा चूशिची परतीच्या प्रवासात जहाज बुडून गेला. ज्या मागाला आपण आज अस्सल निशिजिन म्हणतो त्यासाठी एका माणसाने जीव गमावला आहे, आणि तो माग फ्रेंच आहे. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

‘किमोनो नेसणारे वाढवा, बाजार कशाला शोधता’ हा तुमचा सल्ला. वाढले तर मला आनंदच होईल. पण निशिजिनमध्ये एका कापडामागे सुमारे २० कामं असतात आणि बहुतेक कामांचे कारागीर वेगळे. वर्ख लावणारा एक, कापणारा दुसरा, सूत रंगवणारा तिसरा. त्यातल्या एकाने दुकान बंद केलं की बाकीच्यांचे माग अडतात. किमोनोची आवड परत येईपर्यंत त्याने कशावर जगायचं? मसाताका होसोओ ही बाराव्या पिढीची व्यक्ती परदेशी ऑर्डरी आणते तेव्हा त्या वर्ख कापणाऱ्याच्या हातातही काम येतं.

राहिला श्रीमंतांसाठीच असल्याचा आक्षेप. सोन्याचा वर्ख विणलेलं कापड दरबारासाठी आणि धनिकांसाठीच विणलं जात होतं. गिऱ्हाईकाचा देश बदलला, एवढंच.