चार मिनिटांत हिरवा होणारा दिवा

छत्तीस व्होल्टची बॅटरी चार मिनिटांत भरत नसते. रात्री नऊला चार्जरची पिन लावावी, लाल दिवा लागावा, हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत तो हिरवा व्हावा आणि सकाळी त्याच भरवशावर घरी बनवलेल्या विजेच्या स्केटबोर्डवर, म्हणजे माझ्या फळीवर, उभे राहून शेताकडे निघावे, तर नाल्याच्या रपट्यापर्यंतसुद्धा ती पोचू नये, हा प्रकार मी सलग नऊ दिवस सहन केला आहे. सागवानी फळी, चाकांतच बसवलेल्या दोन हब मोटर आणि १८६५० आकाराचे तीस सेल खांद्यावर घेऊन परत येताना पारावरच्या काकाजींनी रोज एकच प्रश्न विचारला, "काहून बापू, आज बी फळीच तुह्यावर बसली काय?" उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हते.

पहिला राग त्या दिव्याचा. हिरवा म्हणजे बॅटरी भरली, असे जो तो समजतो आणि खोक्यावरही तसेच छापलेले असते. प्रत्यक्षात बॅटरीत काय चालले आहे हे त्या दिव्याला दिसतच नाही. चार्जरमधून जाणारा करंट ठरावीक मर्यादेखाली आला की तो हिरवा होतो, मग बॅटरी भरल्यामुळे करंट थांबला असो की आत वायर तुटल्यामुळे. बॅटरी न जोडता चार्जर नुसता बोर्डात खोचून ठेवला, तरी तो तितक्याच आनंदाने हिरवा असतो.

दुसरा राग सल्ला देणाऱ्यांचा. चार्जरच्या टोकाला मीटर लावला तर ४२.० व्होल्ट मिळत होते. तीन-तीन सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले आणि पूर्ण भरलेला प्रत्येक गट ४.२ व्होल्टचा, म्हणजे आकडा अगदी बरोबर. हे मी तालुक्याच्या दुकानदाराला सांगितले, तरी त्याने चार्जरच खराब ठरवून चौदाशे रुपयांचा दुसरा माझ्या गळ्यात बांधला, आणि तोही चार मिनिटांत हिरवा झाला. मग खेड्यातल्या कमी व्होल्टेजवर खापर फुटले आणि स्टॅबिलायझर घ्यायला सांगण्यात आले, जणू चार्जरच्या पाठीवर लिहिलेले १०० ते २४० मी वाचलेच नव्हते. तिसऱ्याने तर कहर केला. बीएमएस (बॅटरीची राखण करणारी सर्किटची पट्टी) काढून टाका आणि चार्जर थेट सेलला जोडा, असे त्याने इतक्या सहजपणे सांगितले, जणू घरचा फ्यूजच बांधायचा होता. प्रत्येक गटावर लक्ष ठेवून एखादा प्रमाणाबाहेर भरू लागला की पुरवठा तोडणारी ती एकमेव पट्टी आहे, आणि भाव वाढेल म्हणून ज्याच्या पुढच्या खोलीत अजून कापूस रचून ठेवला आहे, त्याला हा गृहस्थ लिथियमचे सेल राखणीशिवाय चार्ज करायला सांगत होता!

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असल्यामुळे मलाही एक शंका होती. या सेलना पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये आणि बीएमएसला तापमानाचा सेन्सर असला तर तो चार्जिंग रोखतो, म्हणून टिनाच्या खोलीला दोष देऊन मी दोन दिवस पहाटे चारला उठलो. पहाटेच्या गारव्यातही दिवा चार मिनिटांतच हिरवा झाला.

शेवटी बॅटरीचा खोका उघडून बीएमएसमध्ये जाणाऱ्या बारीक वायरींच्या कनेक्टरवर एकेक गट मोजला. आठ गट ३.६५ दाखवत होते, सातवा ४.३० आणि आठवा ३.००. थेट सेलवर मीटरची टोके टेकवली, तर तेच दोन्ही गट ३.६५! बेरीज दोन्हीकडे ७.३० येते, म्हणजे वाटणी चुकत होती आणि ती चुकवणारी होती त्या दोघांच्या मधली, केसाएवढी वायर. तिचा सोल्डरिंगचा डाग मीच कच्चा दिला होता. गिट्टी उखडलेल्या पांदण रस्त्याच्या हादऱ्यांनी तो आतून सुटला होता आणि वरून मात्र चकचकीत दिसत होता. सातवा गट ४.३० वर गेल्याचे पाहून बीएमएस इमानदारीने चार्जिंग तोडत होते, आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो.

फळी बनवण्याचे व्हिडिओ मी डझनभर पाहिले असतील. सगळ्यांत ठिणग्या आहेत, गाणी आहेत, शेवटी रस्त्यावरून सुसाट जाणारा पोरगा आहे, पण डाग देऊन झाल्यावर ती वायर हलकेच ओढून पाहा, हे सांगायला एकाही माणसाला पाच सेकंद मिळाले नाहीत.

डाग नव्याने दिला आणि गरम गोंदाने वायर खोक्याला चिकटवली. काल रात्री चार्जिंगला पाच तास लागले, मधल्या पाऊण तासाच्या लोडशेडिंगचा वेळ वेगळा. दोन्ही चार्जरच्या हिरव्या दिव्यांवर मी काळी टेप लावून टाकली आहे.