साठ महिन्यांत देशभक्त

तुम्हाला आंतरराष्ट्रीय रग्बी खेळायचं आहे, शरीर साथ देतंय, फक्त ज्या देशात जन्मलात तिथे तुमच्या जागेवर तुमच्याहून सरस असे तिघे आधीच ठाण मांडून बसलेत. एवढ्याने खचून जाऊ नका. चुकीच्या देशात जन्म घेणं ही दुरुस्त होण्यासारखी बाब आहे, आणि वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा आठवा नियम त्यासाठीच लिहिलेला आहे. त्यात पासपोर्टची अट नाही. ऑलिम्पिकवाले नागरिकत्व मागतात. पंधरा जणांच्या रग्बीत एवढा कोतेपणा नाही.

सुरुवात घरातून करा. तुमचा जन्म, आई किंवा वडिलांचा जन्म, नाहीतर चारांपैकी एका आजी-आजोबांचा जन्म त्या देशात झालेला असला की झालं. नातवंडांना दुधावरची साय म्हणतात. रग्बीत साय असते ती आजी. ब्रॅड शील्ड्स न्यूझीलंडमध्ये वाढला, तिथल्या हरिकेन्स संघाकडून खेळला आणि आई-वडिलांच्या जोरावर जून २०१८ मध्ये इंग्लंडच्या जर्सीत उतरला. इंग्लंडमधल्या त्याच्या नव्या क्लबकडून तो तोवर एकही सामना खेळला नव्हता. पणजोबा मात्र चालत नाहीत, कितीही प्रेमळ असले तरी.

फक्त कागद काढा, आठवणींवर जाऊ नका. २००० साली वेल्स आणि स्कॉटलंडची अब्रू याच कारणाने गेली. ब्रेट सिंकिन्सनचे आजोबा वेल्समधल्या कारमार्थनचे म्हणून सांगितले गेले, ते निघाले इंग्लंडमधल्या ओल्डहॅमचे. डेव्ह हिल्टनचे आजोबा एडिनबरोऐवजी ब्रिस्टलला जन्मलेले निघाले, आणि हे कळेपर्यंत नातू स्कॉटलंडकडून चाळीसच्या आसपास सामने खेळून बसला होता. दोघांचं पुढे काय झालं? दोघेही वास्तव्याच्या नियमाने पुन्हा त्याच संघात आले. आजोबा हुकले तरी कॅलेंडर आहेच.

तर कॅलेंडर. इथे जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण खरी कला इथेच आहे.

पूर्वी त्या देशात सलग ३६ महिने राहिलं की पुरायचं. तो सुवर्णकाळ होता. पद्धत अशी: सुपर रग्बीत (दक्षिण गोलार्धातल्या क्लबांच्या स्पर्धेत) चमकलेला, पण ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा संघ) किंवा स्प्रिंगबॉक्सच्या (दक्षिण आफ्रिकेचा संघ) दारातून परतलेला तेवीस-चोवीस वर्षांचा खेळाडू हेरायचा, त्याला तीन वर्षांचा करार द्यायचा आणि वाट बघायची. आयर्लंडमध्ये अशा खेळाडूंना उघडपणे ‘प्रोजेक्ट प्लेयर’ म्हणत. सी. जे. स्टँडर २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मन्स्टरला आला, २०१६ मध्ये आयर्लंडकडून खेळला. बंडी आकी २०१४ मध्ये न्यूझीलंडहून कॉनॉटला आला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आयर्लंडच्या हिरव्या जर्सीत उभा होता. पण अचूकतेचं पारितोषिक वेल्सच्या हॅडली पार्क्सला द्यावं लागेल. २ डिसेंबर २०१७ रोजी त्याचे ३६ महिने भरले, त्याच दिवशी कार्डिफमध्ये तो दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पदार्पण करत होता, आणि त्याने दोन ट्राय मारले. वेल्स २४–२२ ने जिंकलं. देशप्रेम आदल्या दिवशी असतं तर बेकायदा ठरलं असतं.

मग मे २०१७ मध्ये वर्ल्ड रग्बीच्या क्योटोमधल्या बैठकीत कुणाला तरी लाज वाटली आणि ३६ चे ६० झाले. पण लाजेलाही मुदत दिली गेली: नवा नियम २०२० च्या शेवटी लागू व्हायचा होता, करोनामुळे तो आणखी एक वर्ष पुढे गेला. ही फट क्लबांना नीट दिसली. जेम्स लो लेन्स्टरला आणि डुहान व्हान डर मर्व एडिनबरोला आले ते २०१७ मध्येच, आणि २०२० च्या शरद ऋतूत एक आयरिश आणि एक स्कॉटिश झाला.

तुम्ही उशिरा जागे झालात, तेव्हा तुम्हाला पाच वर्षं. आता बारीक अक्षरं वाचा. सामन्याच्या अगदी आधीचे सलग ६० महिने तुमची नोंदणी त्या एकाच युनियनकडे, म्हणजे देशाच्या रग्बी संघटनेकडे, असली पाहिजे. तिसऱ्या वर्षी फॉर्म गेला म्हणून क्लबने तुम्हाला सहा महिन्यांसाठी फ्रान्सच्या दुसऱ्या विभागात उसनं दिलं, तर तुमचं आयरिशत्व शून्यावर. गुडघा फाटला आणि कराराचं नूतनीकरण झालं नाही, तरी तेच. तीन वर्षांच्या एका करारात जे उरकायचं, त्याला आता निदान दोन करार लागतात, आणि दुसरा करार देशप्रेमावर नाही, टॅकलच्या आकडेवारीवर मिळतो. म्हणून कराराची भाषा पक्की होईपर्यंत राष्ट्रगीत पाठ करण्यात वेळ घालवू नका. दुसरा रस्ता आहे: तुकड्यातुकड्यांनी एकूण दहा वर्षांचं वास्तव्य. हा संयमी लोकांसाठी आणि गोलपोस्टवर किक मारणाऱ्यांसाठी. प्रॉपचं, म्हणजे पहिल्या फळीत रेटारेटी करणाऱ्याचं, शरीर इतकी वाट बघत नाही.

दिवस मोजायला वकील ठेवा, मित्र नको. वास्तव्याच्या जुन्या नियमात वर्षाकाठी साधारण दोन महिने बाहेर राहिलेलं खपायचं. स्पेनमधल्या एका दक्षिण आफ्रिकी प्रॉपचे दिवस जमत नव्हते, तेव्हा त्याच्या पासपोर्टची प्रतच ‘दुरुस्त’ करून पुढे पाठवली गेली. तो नेदरलँड्सविरुद्ध दोन सामने खेळला. २०२२ मध्ये वर्ल्ड रग्बीने स्पेनचे दहा गुण कापले, आणि मैदानावर कमावलेली २०२३ च्या विश्वचषकाची जागा रोमानियाकडे गेली.

हे स्पेनचं दुसऱ्यांदा झालं. २०१८ ची कहाणी तर नवशिक्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावी. २०१९ च्या जपानमधल्या विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात ब्रुसेल्समध्ये स्पेन बेल्जियमकडून १८–१० ने हरलं. पंच रोमानियाचा होता, आणि स्पेन हरल्याने फायदा रोमानियाचाच होणार होता. स्पेनचे खेळाडू शिट्टी वाजताच पंचाच्या मागे धावले. आरडाओरड झाली, चौकशी बसली, आणि चौकशीत निघालं काय? स्पेन, बेल्जियम आणि रोमानिया तिघांनीही अपात्र खेळाडू उतरवले होते. तिघांचे गुण कापले गेले आणि जपानचं विमान पकडलं रशियाने. तक्रार करण्याआधी आपली कपाटं तपासावीत, एवढा धडा घ्या.

तिथे चूक कसली होती, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडूनही हीच होणार. एकदा देशाच्या मुख्य संघाकडून, सेव्हन्सच्या (सात जणांच्या रग्बीच्या) संघाकडून किंवा युनियनने अधिकृतपणे नेमलेल्या दुसऱ्या संघाकडून खेळलात की तुम्ही त्या देशाला बांधले गेलात. रोमानियाचा खेळाडू पूर्वी टोंगाकडून सेव्हन्स खेळला होता. स्पेनचे दोघे फ्रान्सच्या वीस वर्षांखालच्या संघात होते, आणि फ्रान्सने त्या पोरांच्या संघालाच आपला दुसरा संघ नेमलं होतं. २०१२ मध्ये स्टीव्हन शिंगलरला स्कॉटलंडने निवडलं आणि मग कळलं की वेल्सच्या कुमार संघाकडून फ्रान्सच्या कुमारांशी खेळलेल्या एका सामन्याने तो आधीच वेल्सचा झाला आहे. २०१८ पासून कुमार संघ असा नेमता येत नाही, आणि सेव्हन्सची गाठही साधारणपणे विशीनंतरच बसते. तरी कुणी जर्सी पुढे केली की आधी विचारा: हा संघ नेमलेला आहे का? माओरी ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी खेळाडूंच्या संघाकडून, मात्र बिनधास्त खेळा. लो आणि जेमिसन गिब्सन-पार्क दोघेही खेळले होते. आयर्लंडचं काही अडलं नाही.

तुम्ही फिजी, सामोआ किंवा टोंगाचे असाल तर एवढी मेहनत तुम्हाला करावी लागणार नाही. लोकच न्यायला येतात. फ्रान्सच्या क्लेरमाँ क्लबने फिजीतल्या नद्रोगात अकादमी चालवली, म्हणजे मुलगा पिकण्याआधीच फांदीवर नाव. न्यूझीलंडच्या शाळा शिष्यवृत्त्या घेऊन येतात. हे सारं शिक्षणप्रेमातून होतं, आणि शिक्षणप्रेम नेमकं सव्वासहा फुटी मुलांवरच का जडतं हा प्रश्न असभ्य आहे.

आणि परतीची सोयही केली आहे. २०२२ च्या सुरुवातीपासून, शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर ३६ महिने थांबलात तर आयुष्यात एकदा, जन्म किंवा आई-वडील-आजी-आजोबांच्या नात्याने देश बदलता येतो. टोंगात जन्मलेला मलाकाय फेकिटोआ न्यूझीलंडकडून २०१५ चा विश्वचषक जिंकून मग टोंगाकडे आला. चार्ल्स पियुटाऊ, इझ्राएल फोलाऊही आले. मोठ्या देशाने तारुण्य वापरायचं, तीन वर्षं कपाटात ठेवायचं, मग मूळ मालकाला परत करायचं. २०२३ च्या विश्वचषकात आयर्लंडने टोंगाला ५९–१६ ने हरवलं, आयर्लंडकडून आकी आणि लो खेळत होते. आणि यात नियम सगळ्यांनी पाळले होते.

ऑकलंडमधल्या एखाद्या मराठी घरातला धिप्पाड मुलगा हे वाचून उठून बसला असेल, की आजीचा जन्म तर साताऱ्याचा! बाळा, वर्ल्ड रग्बीच्या हिशेबी तू आत्ताच भारताकडून खेळू शकतोस. पण आपल्या क्रीडा मंत्रालयाने २००८ पासून भारतीय पासपोर्टची अट घालून ठेवली आहे आणि दुहेरी नागरिकत्व आपण देत नाही. म्हणजे आधी न्यूझीलंडचा पासपोर्ट सोड. त्याहून इंग्लंड किंवा स्कॉटलंड गाठणं सोपं. ते दोघे दरवर्षी ज्या कलकत्ता कपासाठी भांडतात, तो १८७८ मध्ये कलकत्त्यातल्या बंद पडलेल्या रग्बी क्लबाच्या २७० चांदीच्या रुपयांतून घडवलेला आहे. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. त्याचे साठ महिने केव्हाच भरले.