सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यायचं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करण्याच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या बँडने फाइलींची देवाणघेवाण कशी करावी, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. प्रत्येक ट्रॅकची, म्हणजे एकेका वाद्याची किंवा गळ्याची, वेव्ह (न दाबलेली ऑडिओ) फाइल काढून पाठवणं ही जुनाट पद्धत आहे, आता अख्खा प्रोजेक्टच एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो, हा पहिला. वेव्ह केल्यावर सूर-ताल दुरुस्त करायची सोय संपते, हा दुसरा. आणि एवढ्या जड फाइली पाठवण्यापेक्षा सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावं, तोवर एमपीथ्रीवर भागवावं, हा तिसरा. यातला दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे आणि लेखात ती उणीव राहिली. बाकी दोन मला पटत नाहीत. कारणं सांगतो.

प्रोजेक्ट नेण्यापासून सुरुवात करू. एएएफ हे प्रोजेक्ट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचं फाइल-स्वरूप बरीच वर्षं आहे. त्यातून ऑडिओचे तुकडे, त्यांच्या जागा, फेड (आवाज हळूहळू चढणं-उतरणं) आणि आवाजाच्या पातळीचं ऑटोमेशन (नोंदवून ठेवलेले चढउतार) जातं. प्लगइन (आवाज घडवणारी किंवा बदलणारी जोड-सॉफ्टवेअरं) जात नाहीत, मिडी वाद्यं (स्वरांच्या सूचनांवर वाजणारी सॉफ्टवेअर वाद्यं) जात नाहीत. प्रो टूल्स, लॉजिक आणि क्यूबेस एएएफ वाचतात. एबलटन लाइव्ह थेट वाचत नाही, आणि रीपरला मध्ये रूपांतर करणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तुम्ही ज्याचा उल्लेख केलात ते डॉप्रोजेक्ट हे नवं स्वरूप नक्कीच जास्त आशादायक आहे. बिटविग आणि प्रीसोनस या सॉफ्टवेअर कंपन्यांनी २०२३ मध्ये ते खुलं केलं, पुढे क्यूबेसनेही स्वीकारलं. त्यात टेम्पो, मिडी, ऑटोमेशन आणि प्लगइनची सेटिंग्जसुद्धा जातात. पण सेटिंग गेलं म्हणजे प्लगइन गेलं असं होत नाही. तोच प्लगइन पलीकडच्या मशीनवर बसवलेला नसेल तर तिथे रिकामी जागा उरते. सॉफ्टवेअरची स्वतःची अंगभूत वाद्यं तर दुसरीकडे उघडतच नाहीत. बँडमध्ये चौघेही हे स्वरूप वाचणारं सॉफ्टवेअर वापरत असतील तर जरूर वापरा, पण सोबत वेव्ह फाइली ठेवाच. पाच वर्षांनी गाणं पुन्हा मिक्स करायचं ठरलं आणि त्यात वापरलेला सिंथ (आवाज कृत्रिमपणे घडवणारं वाद्य) नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नसेल, तर हाताशी वेव्हच असेल.

आता वेव्ह कशी काढायची, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू झाल्या पाहिजेत. गिटार तिसऱ्या कडव्यात येत असली तरी तिची फाइल पहिल्या बारच्या (मात्रांच्या ठरावीक गटाच्या) पहिल्या मात्रेपासूनच काढायची, आधीची शांतता धरून. वेव्हच्या आत वेळेचा शिक्का ठेवता येतो, ब्रॉडकास्ट वेव्ह त्यासाठीच आहे. पण काही सॉफ्टवेअर तो वाचतात, काही दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर विसंबू नका. गाणं पहिल्या बारवर सुरू न करता तिसऱ्यावर ठेवा. उचल किंवा गायकाचा श्वास पहिल्या मात्रेच्या आधी येतो, आणि पुढे दोन बार मोकळे नसले तर तो कापला जातो. शेवटीही रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) पूर्ण विझेपर्यंत दोन-तीन बार जास्त घ्या.

बिट डेप्थ (आवाजाची पातळी किती बारकाईने नोंदायची ते) २४ ठेवा. आतल्या आत पातळी शून्य डेसिबलच्या (डिजिटल कमाल मर्यादेच्या) वर जात असेल तर ३२ बिट फ्लोट घ्या, त्यात शिखरं छाटली जात नाहीत, समोरचा फेडर खाली घेतला की ती परत मिळतात. एक्स्पोर्टच्या खिडकीतलं नॉर्मलाइझ बंद करा. हा पर्याय चालू राहिला तर प्रत्येक ट्रॅक शून्यापर्यंत ओढला जातो, कुजबुजणारा कोरस आणि स्नेअर एकाच पातळीवर येतात आणि तुमचा तोल पुसला जातो. डिदर (बिट कमी करताना मिसळला जाणारा सूक्ष्म गोंगाट) फक्त १६ बिटवर उतरताना लागतं, इथे नको.

सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने, घ्यायचे ते) आधी ठरवून घ्या, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, कोणताही, पण एकच. ४८ ची फाइल रूपांतर न होता ४४.१ च्या सेशनमध्ये वाजली तर ती ८.१ टक्के हळू चालते आणि जवळजवळ दीड सेमीटोन खाली उतरते. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं एकवीस सेकंदांचं होतं. हा दोष निदान लगेच कानाला कळतो.

टेम्पोचा दोष मात्र लपून राहतो. पडद्यावर मिनिटाला ९२.४ मात्रा असं दिसतं आणि खरा आकडा ९२.३७ असतो. एवढ्या फरकाने चार मिनिटांच्या शेवटी बार-मात्रांची ग्रिड ७८ मिलिसेकंद सरकलेली असते. कोणी ९२ च धरलं तर जवळजवळ एक सेकंद. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, म्हणून शंका शेवटच्या कडव्यापर्यंत येत नाही. टेम्पोचा आकडा पूर्ण दशांशासह लिहून द्या, शक्यतो पूर्णांकच ठेवा, आणि टेम्पो मध्ये बदलत असेल तर टेम्पो मॅपची मिडी फाइल जोडा. याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे आपोआप होणारं स्ट्रेचिंग. एबलटन लाइव्ह लांब ऑडिओ आत घेताना स्वतः अंदाज बांधून वार्प (आवाज टेम्पोनुसार ताणणं किंवा आखडणं) लावतं. तो पर्याय आधी बंद करा, किंवा प्रत्येक क्लिपचा वार्प काढा. इतर सॉफ्टवेअरमध्येही फाइल टेम्पोमागे नेणारा पर्याय असतो, आयात करताना तो तपासा.

कोरा ट्रॅक द्यायचा की प्रक्रिया केलेला? दोन्ही. गिटारचा थेट तारेतून आलेला कोरा सिग्नल आणि अँप सिम्युलेशन (अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल) लावलेला, अशा दोन फाइली. वादकाने जो आवाज ऐकत वाजवलं तो मिक्स करणाऱ्याला कळायलाच हवा, कारण वाजवण्याचा जोर आणि स्वर धरून ठेवण्याची लांबी त्या आवाजावरच ठरलेली असते. रिव्हर्ब वेगळ्या फाइलीत द्या. मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवरचा) कंप्रेसर आणि लिमिटर, म्हणजे पातळी आवरणारे प्लगइन, बंद करूनच ट्रॅक काढा. ते चालू ठेवून एकेक ट्रॅक काढला तर लिमिटर प्रत्येक वेळी फक्त त्या ट्रॅकवर काम करतो, आणि सगळे ट्रॅक एकत्र लावले तरी मूळ मिक्स बनत नाही. किक ड्रमच्या ठोक्याने बेसची पातळी दाबणारं साइडचेन असेल तर आणखी काळजी घ्या. बेस सोलो करून काढताना काही सॉफ्टवेअरमध्ये किकचा सिग्नल कंप्रेसरपर्यंत पोहोचत नाही, आणि बेस सपाट बाहेर येतो.

मोनो वाद्य मोनोच काढा. नाहीतर तोच आवाज दोन वाहिन्यांवर लिहिला जातो आणि आकार दुप्पट होतो. कोऱ्या मोनो ट्रॅकचा पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) मधोमध ठेवून एक्स्पोर्ट करा, मूळ जागा चिठ्ठीत लिहा. पॅन फिरवताना मधल्या जागेवर पातळी किती कमी करायची याचा नियम सॉफ्टवेअरगणिक वेगळा आहे: शून्य, ३, ४.५ किंवा ६ डेसिबल. म्हणून इथला तोल तिथे किंचित बिघडलेला ऐकू येतो.

आता तुमचा दुसरा आक्षेप. सिंथ किंवा ड्रम्सची फक्त वेव्ह पाठवली तर एक स्वर बदलायलाही फाइल परत मागवावी लागते, हे बरोबर आहे. लेखात मी वेव्ह पुरेशी आहे असं सुचवलं, ती चूक होती. प्रत्येक सॉफ्टवेअर वाद्याची मिडी फाइल वेव्हसोबत गेलीच पाहिजे. पण मिडीलाही पथ्यं आहेत. मिडीतून आवाज जात नाही, कोणता स्वर, किती जोरात, किती वेळ, अशा वाजवण्याच्या सूचनाच जातात. काही सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ (स्वर मात्रेवर बसवणं) आणि ट्रान्सपोज (पट्टी बदलणं) फक्त वाजवताना लागू होतात, फाइलीत उतरत नाहीत. ते आधी पक्के करून मगच मिडी काढा. स्वरांच्या नावांवर जाऊ नका, क्रमांक सांगा: ६० क्रमांकाचा स्वर क्यूबेस आणि लॉजिकमध्ये सी३ दिसतो, रीपरमध्ये सी४, एफएल स्टुडिओमध्ये सी५. नमुना-वाद्यांत (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर चालणाऱ्या वाद्यांत) वादनशैली बदलणारे की-स्विच खालच्या सप्तकात असतात, आणि ‘सी१ दाबा’ एवढंच सांगितलं तर समोरचा भलतीच पट्टी दाबतो. ड्रम्ससाठी जनरल मिडी या सामाईक मानकाचे क्रमांक धरा, किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२. ड्रम प्लगइनची मांडणी वेगळी असेल तर तिची यादी द्या.

गाण्याचे किंवा गिटारचे घेतलेले टेक (एकेका वेळचं रेकॉर्डिंग) यांच्याबाबत मात्र आक्षेप लागू होत नाही. तिथे वेव्ह हीच मूळ वस्तू आहे. सूर दुरुस्त केलेली फाइल पाठवत असाल तर न दुरुस्त केलेली पण जोडलेली, म्हणजे टेकमधले तुकडे सांधून क्रॉसफेड दिलेली फाइलही पाठवा. एकदा दुरुस्ती झालेल्या आवाजावर दुसऱ्यांदा दुरुस्ती लावली की तो चिकट, धातूसारखा लागतो.

आकाराबद्दल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ मेगाबाइट. पाच मिनिटांचे वीस ट्रॅक ८६४ मेगाबाइट होतात. कमी हवं असेल तर फ्लॅक हे फाइल-स्वरूप वापरा. एकही सॅम्पल न गमावता आकार बराच उतरतो, आणि शांततेचे भाग तर नगण्य होतात, त्यामुळे सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून काढण्याचा बोजा जवळजवळ नाहीसा होतो. फ्लॅक न उघडणारं सॉफ्टवेअर असेल तर आधी परत वेव्ह करून घ्या, काही बिघडत नाही. ३२ बिट फ्लोट फाइली मात्र या वाटेने नेऊ नका, फ्लॅक पूर्णांक सॅम्पलांसाठी आहे.

एमपीथ्रीला माझा विरोध नुसत्या दर्जासाठी नाही. एन्कोडर (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला शांततेची भर घालतो. लेम नावाचा एन्कोडर आणि डिकोडर (एमपीथ्री परत उलगडणारं सॉफ्टवेअर) मिळून सुमारे ११०५ सॅम्पल, म्हणजे ४४.१ ला २५ मिलिसेकंद. काही प्लेअर ती ओळखून कापतात, काही कापत नाहीत. गायिकेच्या सॉफ्टवेअरने कापली नाही तर ती २५ मिलिसेकंद उशिरा वाजणाऱ्या गाण्यावर गाते, आणि तिचा टेक तुमच्याकडे आल्यावर मागे पडलेला ऐकू येतो. दोष तिच्या लयीवर जातो, हे मला फार अन्यायाचं वाटतं. मसुदा ऐकवायला एमपीथ्री ठीक आहे, पण ज्यावर रेकॉर्ड करायचं ती फाइल कधीच एमपीथ्री नको.

एकच सॉफ्टवेअर घेण्याबद्दल थोडक्यात: लॉजिक फक्त अ‍ॅपलच्या मॅक आणि आयपॅडवर चालतं, आणि वर्षानुवर्षं हात बसलेलं सॉफ्टवेअर सोडून नवं शिकणाऱ्याचं वाजवणं काही महिने अडखळतं. वर सगळ्यांकडे तेच प्लगइन, त्याच आवृत्तीचे, हेही जमवावं लागतं. एकच प्रोजेक्ट क्लाउडवर ठेवून दोघांनी एकाच वेळी उघडला तर दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात. त्यापेक्षा मुख्य सेशन एकाच व्यक्तीकडे ठेवा. बाकीचे तिच्याकडून रफ (कच्चा) मिक्स आणि क्लिक (मेट्रोनोमचे ठोके) घेतात, आपले ट्रॅक परत पाठवतात. फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, म्हणजे झिप उघडल्यावर मॅक आणि विंडोजमध्ये ती तुटत नाहीत. त्यांत गाणं, वाद्य, टेम्पो आणि आवृत्तीचा क्रमांक असू द्या. ‘फायनल’ हा शब्द नावात नको, क्रमांकच हवा.

गाण्याला हात घालण्याआधी आठ बारांची चाचणी करा. मुख्य सेशनमधून फक्त क्लिकची वेव्ह सगळ्यांना पाठवा. प्रत्येकाने ती आयात करावी, ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि वाद्यं संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या) आउटपुटमधून केबलने इनपुटमध्ये आणून नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावी आणि ती फाइल परत पाठवावी. मूळ क्लिकखाली ठेवून सॅम्पल दिसेपर्यंत झूम करा. फरक सगळीकडे सारखा असेल तर इंटरफेस आपली लेटन्सी (आवाज आत-बाहेर जाताना होणारा उशीर) सॉफ्टवेअरला चुकीची सांगतो आहे. जितक्या सॅम्पलचा फरक दिसला तितका रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा (४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद) आणि बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा गठ्ठा) बदलून पुन्हा तपासा. फरक वाढत जात असेल तर टेम्पो किंवा स्ट्रेचिंग शोधा. सोबत पट्टीही उतरली किंवा चढली असेल तर सॅम्पल रेट. वेळ जुळली पण पातळी बदलली तर आधी इनपुटचा गेन पाहा, मग नॉर्मलाइझ किंवा पॅनचा नियम. केबलची चाचणी चोख आली आणि तरी पूर्ण गाण्याच्या टेकमध्ये शेवटाकडे दहा-बारा मिलिसेकंद सरक दिसली, तर तो टेक बहुधा वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा फोनवर घेतलेला आहे. दोन उपकरणांच्या आतल्या घड्याळांत दहा लाखात ५० इतका फरक असला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात. अशा टेकची सुरुवात जुळवून मग शेवटची मात्रा जुळेल एवढाच तो ताणायचा किंवा आखडायचा.