तोंड आलंय, काहीतरी द्या

द्राक्षांचा हंगाम आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कॅन्सरची चर्चा सुरू होते. द्राक्षं मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायची, खायचा सोडा घालायचा की व्हिनेगर, यावर मेसेजवर मेसेज. मग गाडी मायक्रोवेव्हवर जाते, तिथून प्लॅस्टिकच्या बाटलीवर, तिथून मोबाईलच्या टॉवरवर. हे मेसेज टाकणारे बरेचसे पुरुष रात्री जेवण झालं की खाली टपरीवर सुपारी-तंबाखूचा मावा घ्यायला उभे असतात. मावा तोही प्लॅस्टिकच्या कागदात रगडलेला! मला दिसतं, कारण माझं मेडिकल त्या टपरीला लागूनच आहे.

फवारणीची काळजी खोटी म्हणत नाही मी. पण ती आधी निफाड-दिंडोरीत तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर फवारणाऱ्या माणसाची करा. आपण द्राक्षं नीट धुवावीत आणि खुशाल खावीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. कशाने? तंबाखू सोडा, दारू टाळा, वजन आटोक्यात ठेवा, हालचाल करा, फळं-भाज्या खा, ठरावीक लसी घ्या, वेळेवर तपासून घ्या. एवढंच. यात भीती घालणारं काही नाही आणि विकण्यासारखंही फारसं काही नाही, म्हणून हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझ्या काउंटरवर मात्र रोजचं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, तोंड आलंय, काहीतरी द्या." त्यांना जेल हवं असतं, नाहीतर बी-कॉम्प्लेक्स. बहुतेकांचं खरंच साधं तोंड आलेलं असतं, आठवड्यात बरं होतं. पण काही चेहरे पुन्हा पुन्हा तेच जेल न्यायला येतात. त्यांना मी विचारते, तिखट झोंबतं का? उत्तर हमखास नाशिकचं येतं: "हो ना, मिसळ बंदच झाली माझी." मग विचारते, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? इथे बरेच जण हसतात. करून बघितल्यावर काहींचं हसू थांबतं, कारण दोनच जातात.

याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं. झालेलं नुकसान पूर्ववत होत नाही, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. आणि हे करते सुपारी. तंबाखू मागाहून भर घालते, पण मूळ गुन्हेगार सुपारी. संघटनेच्याच कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीला, तंबाखू अजिबात नसलेल्या सुपारीला, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्याच गटात सिगारेट आहे. "आम्ही नाही हो तंबाखू खात, जेवणानंतर जरा सुगंधी सुपारी" असं म्हणणाऱ्या काकूंना हे सांगितलं की त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मी सत्यनारायणाच्या पूजेवरच आक्षेप घेतला. पूजेतली सुपारी पूजेत राहू द्या की! ती लहान पोराच्या हातावर मुखवास म्हणून ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे नाशिकमध्ये कोणाला विचारावं लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ धूर न होणारा तंबाखू वापरणारे निघाले. सिगारेट-बिडी ओढणारे चार टक्क्यांच्या आत. म्हणजे आपल्याकडचा तंबाखू दिसतच नाही, तो गालात असतो, आणि बायकांच्या बाबतीत मशेरीच्या डबीत. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो, ते काही मोबाईलच्या टॉवरमुळे नव्हे.

आता कोणीतरी लिहिणारच की माझे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते. असतील. पण जे पन्नाशीत गेले, त्यांच्या नातवांनी आजोबांना पाहिलेलंच नाही. ते काय कमेंट करणार?

दारूचं बोलले की नाशिककर जास्त दुखावतात. सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत झाला, तेव्हा वाइन ही दारूच नाही इथपर्यंत वाद गेला होता. द्राक्ष बागायतदाराला भाव मिळावा हे मलाही पटतं, माझं माहेर तिकडचंच. पण शरीराला इथेनॉल बाटलीवरच्या लेबलवरून कळत नाही. वाइन, बिअर, देशी, सगळ्यांतून तेच ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि तेच पेशींना इजा करतं. कॅन्सरच्या दृष्टीने सुरक्षित असं दारूचं प्रमाणच नाही, हे २०२३ साली संघटनेने सरळ सांगितलं. प्यायची तर प्या, पण हृदयाला चांगली म्हणून पितो असं मला सांगू नका.

याच लोकांना 'फुल बॉडी' पॅकेजची मात्र भारी हौस. त्यात दोन-तीन कॅन्सर मार्कर, म्हणजे रक्तातून कॅन्सरचा सुगावा घेणाऱ्या चाचण्या असतात, रिपोर्ट नॉर्मल आला की पेढे वाटायचे बाकी. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला हे मार्कर वापरावेत अशी शिफारस नाही. कधी उगाच घाबरवतात, कधी उगाच निर्धास्त करतात. त्याउलट केरळमध्ये नुसतं तोंड उघडून बघायच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, २००५ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्याने ३४ टक्क्यांनी कमी केले. टॉर्च आणि शिकवलेली नजर, दुसरं काही नाही. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर जेल मागायला माझ्याकडे येऊ नका, दाताच्या डॉक्टरकडे जा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

बायकांचं तर आणखीच. एचपीव्ही, म्हणजे ज्याच्या संसर्गातून गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो विषाणू; त्याच्या लसीबद्दल आया विचारतात, पण दुकान रिकामं झाल्यावर, हळू आवाजात. "अजून लहान आहे हो ती, लग्नाच्या वेळी बघू." लस संसर्ग होण्याआधी द्यायची असते, म्हणूनच ९ ते १४ हे वय ठरवलंय. त्यात मुलीच्या चारित्र्याचा काय संबंध? पोलिओचा डोस देताना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आता तर पुण्याच्या सीरमचीच लस आहे.

आणि आपण तिशी ओलांडलेल्या? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी केलेल्या बायका देशात दोन टक्केसुद्धा नव्हत्या. मुंबईत टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, दहावी शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून केलेल्या साध्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. लॅब नको, मशीन नको.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते, आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, मोफत. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो त्यासाठीच. तिला दारातून "आमच्याकडे सगळे ठीक आहेत" म्हणून परत पाठवू नका. एकटीला संकोच वाटतो हे मला मान्य आहे, म्हणून आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी मिळून जाणार आहोत. इंदिरानगर-सिडकोतल्या कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. पाळीचे दिवस सोडून तारीख धरू, त्या दिवसांत गर्भाशयमुखाची तपासणी करत नाहीत. आणि नवऱ्यांनाही आणा, त्यांना फक्त तोंड उघडायचंय.